चार चौकोन

गेल्या डिसेंबरात तुम्ही दोघं आलात तेव्हा तांडेलआजोबांनी तुम्हाला होडीतून नेलं नाही. "वारा हाय आज," म्हणाले. त्या दिवशी वारा नव्हता. खाडी परातीतल्या पाण्यासारखी निवांत होती. धाकटा गडग्यावर त्यांच्या घराकडे पाठ करून बसला आणि दुपारच्या जेवणालाही उठेना. थोरलीनं मला हळूच विचारलं, "आजी, ते आमच्यावर रागावलेत का?" मी म्हटलं, "छे, वयानं कंटाळले असतील."

मग मे महिन्यात मी थोरलीला फोन करून एका रसायनाचं नाव अक्षर-अक्षर सांगितलं, आणि त्याच्याबद्दल जे सापडेल ते पाठव म्हटलं. ती पानं आली. बरोबर प्रश्नही आला, "तुला हे कशाला हवंय?" मी उत्तर दिलं, "असंच, वाचायला."

दोन्ही वेळा मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. पहिल्या वेळी मला ते माहीत नव्हतं, दुसऱ्या वेळी माहीत होतं. आता क्रमानं लिहिते. मला क्रमानं लिहायची सवय आहे. त्या सवयीचाही यात हात आहे.

मराठीत लिहिते आहे, तुमच्या आईकडून वाचून घ्या. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण या एका गोष्टीपुरता माझ्या इंग्रजीवर माझा विश्वास उरलेला नाही.

आपल्या गडग्यापलीकडचं घर तुम्हाला आठवतच असेल. गडगा म्हणजे ती जांभ्या दगडांची, चुन्यामातीशिवाय रचलेली भिंत, जिच्यावर सरडे बसतात. पलीकडे तांडेलआजोबा आणि तांडेलआजी. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, पाणी आणि वारा ओळखणारा. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या होड्या समुद्रात नेल्या आणि परत आणल्या. तुमचे आजोबा गेले त्या दिवशी माझ्या दारात सगळ्यांत आधी तेच आले होते, ओल्या लुंगीनं, बंदरावरून थेट.

आमच्या दोन घरांत एक वाडगं सतत जा-ये करायचं. स्टीलचं, काठाला पोचा आलेलं. तिकडून मासळी यायची, कधी बांगडे, कधी मुडदुशा. इकडून जाताना मी त्यात काहीतरी घालायची. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे मला माझ्या आईनं शिकवलं आणि तांडेलआजींना त्यांच्या आईनं. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. एवढ्या वर्षांत ते वाडगं एकदाही रिकामं गेलं नाही की आलं नाही.

मासळीशिवाय आणखी एक गोष्ट गडगा ओलांडून यायची, ती म्हणजे कागद. मी तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे आजूबाजूच्या दहा-बारा घरांतले सगळे इंग्रजी कागद माझ्याकडे. विम्याचे, दवाखान्याचे, आखातात गेलेल्या कुणाच्या करारपत्राचे, आंब्याच्या कलमांवर फवारायच्या औषधांचे. "बाईंनी वाचलंय" म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. मला ते आवडायचं. लपवत नाही.

मागच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला तांडेलआजोबा ओटीवर आले. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांनी समुद्रावर जाणं सोडलं होतं आणि खाडीकाठच्या एका शेडमध्ये होड्यांना फायबर मारायचं काम धरलं होतं. लाकडी होडीवर काचेच्या धाग्यांचं कापड आणि चिकट राळ यांचे थर चढवतात, ते काम. सदऱ्याच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवले.

"बाई, नवीन पिंप आलाय. ब्रश धुवायला, जुना रंग काडायला. हात बी त्यानंच धुतो आमी. शेडवाला म्हनतो, बिनधास्त वापरा."

"मग?"

"तो बिनधास्तच असतो वो. पोवता येत नाय तरी खोल पान्यात जातो. म्हनून म्हटलं, तुमी वाचा."

गडग्यापलीकडून तांडेलआजींचा आवाज आला, "वाचा वाचा! आठ दिस झाले, सांजचा वास आला की मला कळतच नाय, फनस पिकलाय का नवरा आलाय!"

"फनस असता तं कापून तरी खाल्ला असतास," तांडेलआजोबा ओरडले.

"गरे नसलेला फनस काय कापायचा मेला!"

तिघंही हसलो.

सोळा पानं होती. कुठल्याही रसायनाबरोबर असा कागद देतात. ते काय आहे, आग लागली तर काय करायचं, सांडलं तर काय, आणि अकराव्या भागात, माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो. मी चष्मा पुसला, पट्टी घेतली, आणि एक कोरं पान आखलं. डावीकडे "कशावर", उजवीकडे "परिणाम". त्यांना समजेल असं मराठीत उतरवायचं ठरवलं.

डोळे – चुरचुरतात, लगेच पाण्यानं धुवावेत. कातडी – कोरडी पडते, हातमोजे घालावेत. श्वास – जास्त वेळ हुंगल्यास गुंगी येते, काम हवेशीर जागी करावं. आग – विस्तव दूर ठेवावा. त्यानंतर उंदरांचा आकडा होता. किती पाजलं तर निम्मे उंदीर मरतात, असा. तो आकडा मोठा होता, म्हणजे विष सौम्य. मला हायसं वाटलं. माणूस हे पिणार थोडाच.

खाली चार ओळी उरल्या. नसा. मूल होणं. कर्करोग. दीर्घकाळ वापर. कागदात चारही ठिकाणी एकच वाक्य छापलं होतं, की माहिती उपलब्ध नाही.

आता मी काय केलं ते नीट वाचा. मी ते चार चौकोन काही क्षण तसेच ठेवले. पान अर्धवट दिसायला लागलं. सगळं वर कसं भरलेलं, सरळ, एका खाली एक, आणि खाली ही चार भोकं. मला वाटलं, एवढा सोळा पानांचा कागद, एवढ्या शिकलेल्या लोकांनी छापलेला, काही असतं तर त्यांनी लिहिलं नसतं का? मी चारही चौकोनांत लिहिलं, "परिणाम नाही." सुवाच्य अक्षरात. मग खाली तारीख घातली.

तांडेलआजोबांनी विचारलं, "म्हंजे मानूस मरत नाय ना?"

"नाही हो. हातमोजे घाला आणि हवा खेळती ठेवा, म्हणजे झालं."

"हा कागद मी शेडात लावतो. तुमचं अक्षर बगून बाकीचे गप बसतील. ते म्हनत होते, डोकं दुकतंय."

ते वाक्य मी ऐकलं. "डोकं दुकतंय." ऐकलं आणि वर लिहिलेल्या गुंगीच्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "ते हे. हवेशीर जागी करा." वाडगं त्या दिवशी माझ्याकडे होतं, मी त्यात आमसुलं घालून दिली आणि ते गेले.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या काठावर ओढून शाकारतात आणि डागडुजीची बहुतेक कामं त्या दोन महिन्यांत होतात. म्हणजे भर पावसात. एकदा तांडेलआजोबांचा डबा राहिला होता आणि तांडेलआजी बाजारात गेल्या होत्या, म्हणून तो द्यायला मी शेडमध्ये गेले. चारही बाजूंनी ताडपत्री खाली सोडलेली, दगड ठेवून दाबलेली. आत मोठे दिवे लावलेले, ओल सुकवायला. मी आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. गोडसर, जड वास होता. चार माणसं होडीच्या पोटाखाली वाकलेली, एकाच्याही हातात मोजे नाहीत.

"हे उघडं नको का?" मी विचारलं.

"उगडलं तं ओल लागते बाई, फायबर धरत नाय, फुलतो," तांडेलआजोबा म्हणाले. "पावसात काम म्हंजे असंच." मग कौतुकानं खांबाकडे बोट केलं. माझं पान तिथे होतं, प्लॅस्टिकमध्ये घालून खिळ्याला टांगलेलं. "ह्यो बगा आमचा फोटो देवाचा. येता-जाता हात जोडतो."

बाकीचे हसले. मीही हसले. डबा ठेवला आणि बाहेर येऊन दीर्घ श्वास घेतला. त्या दिवशी मी दोन दगड बाजूला करून ताडपत्रीचं एक टोक जरी वर केलं असतं तरी कुणी मला हटकलं नसतं. मी शिकवलेलं सगळं मला तेव्हाही पाठ होतं. पण कागद लिहून झाला होता, आणि झालेलं काम मी परत उघडत नाही.

पाऊस संपला तरी काम संपलं नाही, शेड वर्षभर चालू राहिली. नोव्हेंबरात एक दिवस तांडेलआजोबा संध्याकाळी घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. तांडेलआजी अंगणात भांडी घासत होत्या.

"दुसरी कुटं टाकलीत?"

"काय दुसरी?"

"चप्पल वो! का ती बी ब्रश धुवायला ठेवलीत?"

त्यांनी खाली पाहिलं. मी गडग्याच्या अलीकडे कढीपत्ता तोडत होते, मला त्यांचं तोंड दिसलं. ते पायाकडे असे बघत होते जसं दुसऱ्या कुणाचा पाय आहे. मग म्हणाले, "च्यायला, कळलं नाय." तांडेलआजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसले. शेडपासून घर किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे; मधे खडी आहे, एका जागी फुटक्या शिंपल्यांचा ढीग आहे. तेवढं सगळं ते अनवाणी पायानं चालून आले होते आणि त्यांना कळलं नव्हतं. तळव्यातून रक्त येत होतं, ते तांडेलआजींनी नंतर पाहिलं.

डिसेंबरात तुम्ही आलात. त्यांना तुमचं येणं महिनाभर आधीपासून माहीत होतं, होडी मागून ठेवली होती. पण होडीत उभं राहायचं तर पायाखालचं हलणं तळव्याला कळावं लागतं. तांडेल डोळ्यांनी नाही, पायांनी होडी चालवतो, असं त्यांनीच तुम्हाला सांगितलं होतं. त्यांच्या पायांना काहीच सांगता येत नव्हतं, आणि तुम्हाला त्या पायांवर नेण्याची त्यांना भीती वाटली. म्हणून वारा. धाकट्या, ते तुझ्यावर रागावले नव्हते. तू पाठ करून बसलास तेव्हा ते त्यांच्या ओसरीवरून तुझ्याकडेच बघत होते.

मार्चमध्ये ते धक्क्यावर पडले. दुसऱ्या आठवड्यात न्हाणीत पडले. इथल्या डॉक्टरांनी साखर तपासली, ती नव्हती. पाठीचा मणका असेल म्हणाले. शेवटी एप्रिलमध्ये कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे पायांच्या नसांना विजेचे झटके देऊन तपासलं. नसा मंद झाल्या होत्या. का, ते कळेना. डॉक्टरांनी सुया, गोळ्या, जीवनसत्त्वं लिहून दिली. दरम्यान उभं राहता येत नाही म्हणून शेडवाल्यानं त्यांना बसून करायचं काम दिलं. ब्रश आणि अवजारं धुवायचं. म्हणजे दिवसभर त्या पिंपाच्या समोर, हात कोपरापर्यंत त्यातच. सगळ्यांना वाटलं शेडवाला भला माणूस आहे. भलाच आहे तो.

मे महिन्यात तांडेलआजी दवाखान्याची फाइल घेऊन माझ्याकडे आल्या. पुढची तारीख कधीची आहे ते वाचून हवं होतं. मी एकेक कागद काढून लावत होते. रक्ताचा, लघवीचा, नसांच्या तपासणीचा. आणि त्यांच्या मधे माझं पान. त्याची झेरॉक्स.

"हे इथे कसं?"

"डाक्टरांनी इचारलं ना," तांडेलआजी म्हणाल्या, "कामावर केमिकल बिमिकल वापरता काय. मी म्हटलं वापरतो, पन त्याचं काय नाय. आमच्या बाईंनी सगळा वाचलाय, कॉलेजात शिकवायच्या. आनि हा कागद दाकवला. त्यांनी बगितला, नसांसमोर तुमी लिवलंय ते वाचलं, आनि म्हनाले बरं. मगे दुसरं इचारायला लागले."

मी तारीख सांगितली. त्या गेल्या. त्यांना परत द्यायचं वाडगं तसंच टेबलावर राहिलं.

सोळा पानं मी जपून ठेवली होती. तुम्हाला माहीत आहे, मी काही टाकत नाही. ती काढली. अकरावा भाग उघडला. नसा – माहिती उपलब्ध नाही. हे वाक्य मी याआधी एकदा वाचलं होतं, तरी ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. त्याचा अर्थ इतकाच होता की कुणी पाहिलेलं नाही. ज्यानं तो कागद छापला त्यानं पाहिलं नाही, शोधलंही नाही, आणि ते त्यानं प्रामाणिकपणे किंवा आळसानं लिहून ठेवलं होतं. "परिणाम नाही" हे त्यानं लिहिलं नव्हतं. ते मी लिहिलं.

प्रयोगशाळेत माझा एक नियम होता, माझे विद्यार्थी अजूनही रस्त्यात भेटले की तो म्हणून दाखवतात. उपकरणाचं वाचन घेतलं नसेल तर रकाना मोकळा ठेवा. शून्य लिहू नका. शून्य म्हणजे मोजलं आणि काही मिळालं नाही. मोकळं म्हणजे मोजलंच नाही. या एका चुकीला मी तीस वर्षं निम्मे गुण कापत आले. एक मुलगी एकदा रडली होती, म्हणाली, "बाई, पान रिकामं बरं दिसत नव्हतं म्हणून भरलं." मी तिला म्हटलं होतं, "पान दिसायला बरं असण्याशी विज्ञानाला काही देणं-घेणं नाही."

त्यानंतर मी थोरलीला फोन केला. तिनं पाठवलेल्या पानांत दूरच्या देशांतले कामगार होते. कुणी गाद्या चिकटवणारे, कुणी यंत्रांचे भाग धुणारे. बंद खोल्या, गोडसर वास, आधी डोकेदुखी, मग पायांना मुंग्या, मग तोल जाणं. चपलेबद्दल कुणी लिहिलं नव्हतं, पण एका ठिकाणी होतं की माणसाला पायाखालची जमीन जाणवेनाशी होते. म्हणजे माहिती होती. आपल्या कागदात नव्हती एवढंच. आणि मी जो एक फोन मे महिन्यात केला तो आदल्या जूनमध्ये करू शकले असते.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले, ते शेडला निघायच्या आत. तांडेलआजोबा ओसरीवर बसले होते, शेजारचा एकजण त्यांना स्कूटरवरून न्यायला येणार होता. तांडेलआजी चुलीपुढे. मी तिथे जाऊन बसले आणि सांगितलं. वळसे घातले नाहीत. हे काम आजपासून बंद करा, त्या पिंपातल्या पाण्यानंच पाय गेलेत असं मला वाटतं, आणि त्या कागदात जे नव्हतं ते मी माझ्या मनानं लिहिलं. डॉक्टरांना ते खरं वाटलं म्हणून त्यांनी इकडे पाहिलंच नाही.

मग तांडेलआजोबा म्हणाले, "जागा मोकळी ठेवली असतीत ना बाई, तरी मी गेलोच असतो. दुसरं काय काम होतं मला? तुमी मनाला लावून घेव नका."

मला ते ऐकून रडू आलं. मला वाटतं, मी तेच ऐकायला गेले होते.

तांडेलआजी चुलीपासून उठल्या नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हे गेले असते. मी जाऊ दिला नसता."

"अगो, गप," तांडेलआजोबा म्हणाले.

"का गप? ह्यांचं मला ठावं हाय, हे आगीत बी जातील. म्हनून तं मी बाईंना वाचा म्हटलं. गडग्यावरनं वराडून सांगितलं, वाचा." मग त्या वळल्या. डोळे कोरडे होते. "आमी अडानी, बाई. आमाला नाय कळत ते नाय कळत म्हनतो. तुमी तसं का नाय म्हनालात?"

पान अर्धवट दिसत होतं, हे मी त्यांना कसं सांगणार होते?

दुपारी वाडगं आलं. आदल्या संध्याकाळी मी त्यात शेवयांची खीर पाठवली होती, सांगायचं धैर्य जमवता जमवता. ते घासून, पुसून, गडग्यावर ठेवलेलं होतं. आत काही नव्हतं. साखरेचा कणही नव्हता. मी ते कितीतरी वेळ हातात धरून उभी होते.

तांडेलआजोबा त्या दिवसापासून शेडमध्ये गेले नाहीत, ते तांडेलआजींनी पाहिलं. मी गेले. खांबावरचं पान काढलं आणि दुसरं लावलं. चार चौकोनांत लिहिलं, "या कागदात माहिती नाही. दुसरीकडे नसांना इजा झाल्याचं आढळलं आहे. ताडपत्री उघडा."

शेडवाला म्हणाला, "बाई, आदी नाय म्हनालात, आता हाय म्हनता. उद्या काय म्हनाल?"

"आधी चुकले."

"पक्कं माहीत हाय का, ह्याच्यानंच झालं?"

"पक्कं नाही. डॉक्टर आता बघतायत."

"पक्कं नाय तं धंदा कसा बंद करू?" तो उर्मटपणे बोलत नव्हता. तो खरंच विचारत होता. आयुष्यभर मी शिकवलं ते हेच, की जे पक्कं नाही त्याला पक्कं म्हणू नये. आणि त्या माणसाला पाऊल उचलण्यासाठी माझ्याकडून एक पक्कं वाक्य हवं होतं. असं वाक्य मी एकदा दिलं होतं. ते त्यानं लगेच घेतलं होतं.

एका बाजूची ताडपत्री आता वर असते. दोघं-तिघं तोंडाला फडकं बांधतात, त्यानं वाफ अडत नाही हे मी त्यांना सांगितलं आहे. महिन्याभरानं ते पिंप गेलं आणि दुसरं आलं, वेगळ्या रंगाचं. त्याचा कागद वाचायला माझ्याकडे कुणी आणला नाही. मी मागायला गेले तेव्हा शेडवाला म्हणाला, हरवला.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन भेटले, थोरलीची पानं घेऊन. त्यांनी ती शांतपणे वाचली. काम थांबलं आहे तर थोडं सुधारेल, म्हणाले, किती ते सांगता येत नाही. त्यांनी ती जागा मोकळी ठेवली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला आणि घरी येताना सबंध घाट मी रडले.

आता श्रावण आहे. नारळी पौर्णिमेला दरवर्षीसारखे सगळे नारळ घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले. मी जाणार नव्हते. तांडेलआजी गडग्याशी आल्या, त्या दिवसानंतर पहिल्यांदा, आणि इतकंच म्हणाल्या, "एका अंगानं धरायला मानूस हवा." मी चप्पल घातली.

दोन माणसांनी तांडेलआजोबांना वाळूपर्यंत आणलं होतं. पुढे पाण्यापर्यंत एका बाजूनं तांडेलआजी, दुसऱ्या बाजूनं मी. चाळीस वर्षं ते या दिवशी सगळ्यांच्या पुढे असायचे, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन नारळ सोडायचे. नवा सदरा घातला होता, टोपी घातली होती. नजर लांब, समुद्रावर, रांगेनं निघालेल्या होड्यांवर. खाली बघायचं त्यांनी टाळलं, खाली बघितलं की तोल जातो.

लाट आली. माझ्या साडीचा काठ भिजला. त्यांचे घोटे पाण्यात गेले, लाट मागे सरली, पायांखालची वाळू ओढून घेऊन गेली, दुसरी आली. ते नारळ छातीशी धरून तसेच उभे होते. वाट बघत. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "पानी आलं काय?"

तांडेलआजींनी तोंड फिरवलं. तांडेलआजोबांनी मला विचारलं होतं की आजींना, कळलं नाही. मी खाली नीट बघितलं.

"आलं," मी म्हटलं. "घोट्याच्या वर आलंय."

"नक्की ना, बाई?"

"नक्की. मी बघतेय."

त्यांनी नारळ सोडला.